भरून सपाट केलेल्या कोळसा खाणीच्या जमिनीवर पाणी आणि गाळाचं मॉडेल: पहिला पावसाळा धरून कसं करायचं

तपासायला येणाऱ्या रिपोर्टांत एकच घोळ परत परत दिसतोय. पहिल्या पानावर वार्षिक सरासरी पाऊस, दुसऱ्यावर टेबलातून उचललेला सीएन (कर्व्ह नंबर, पावसातलं किती पाणी वाहणार ते ठरवणारा आकडा), तिसऱ्यावर थेट सेटलिंग पाँडचं (गाळ बसवायच्या तळ्याचं) माप. आणि जमीन कशी धरलेली असते तर गवत आलेली, झाडं लागलेली, म्हणजे चार-पाच वर्षांनंतरची. पण पाऊस काही चार वर्षं थांबत नाही, डोझर बाहेर पडला की पुढच्याच जूनमध्ये येतो आणि त्या वेळी डम्प (खाणीतून निघालेल्या माती-दगडाचा भराव) उघडा असतो, माती भुसभुशीत असते, बेंचचे (उतारावर आडव्या काढलेल्या पायऱ्यांचे) वरंबे कच्चे असतात. म्हणून या लेखात सगळं गणित पहिल्या पावसाळ्याचं केलंय. पाचव्या वर्षाचं गणित पण करा, पण ते नंतर, तुलनेसाठी.

आता सोलापुरात बसून कोळसा खाणीवर का लिहितोय, तर आपल्याकडे खाली सगळा बेसॉल्ट, कोळशाचं नाव नाही, पण इथून पास झालेली सिव्हिलची आणि ॲग्रीची पोरं वणी-चंद्रपूरकडं या कामाला जातात आणि जाताना सोलापूरचा पाऊस डोक्यात घेऊन जातात, तिथंच पहिली चूक होते. आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिमी, त्यात सप्टेंबरचा जोर, मध्ये जुलै-ऑगस्टात खंड. तिकडं बाराशेच्या आसपास आणि जुलै-ऑगस्टात जमीन वाळायलाच मिळत नाही. हा फरक पुढे सीएनमध्ये पण येतो आणि पेरणीच्या वेळेत पण.

सरावासाठी मात्र सोलापूर चांगलंय. शहराबाहेर कुठलीही सोडून दिलेली मुरमाची खदान घ्या, कडेला टाकलेला ढीग बघा, त्यावर पडलेल्या घळी मोजा. ज्याला हे मुरमाच्या ढिगावर जमलं त्याला ओबी (ओव्हरबर्डन, कोळशावरून काढलेला माल) डम्पवर जमतं, आकार मोठा होतो एवढंच.

तयारी: कॉम्प्युटर उघडायच्या आधी

निम्म्या चुका इथंच होतात म्हणून इथं जास्त वेळ घालवा.

पाऊस. तुमच्या साइटजवळच्या हवामान खात्याच्या केंद्राचा रोजचा पाऊस, कमीत कमी २५-३० वर्षांचा मागवा. त्यातून प्रत्येक वर्षातला सगळ्यात मोठा एका दिवसाचा आकडा काढा. वार्षिक सरासरी बाजूला ठेवा, तिचा या कामात जवळजवळ उपयोग नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये सोलापूर-पंढरपूरकडं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, तो पाऊस कुठल्या सरासरीत बसत होता? बांध फोडतो तो एक दिवस, वर्ष नाही. सर्कलनिहाय महावेधचे (राज्यातल्या स्वयंचलित हवामान केंद्रांचे) आकडे पण घ्या, ते अलीकडच्या वर्षांचेच आहेत पण जवळच्या जवळ पाऊस किती बदलतो ते कळतं.

अजून एक बारीक गोष्ट, पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठला होते. रात्रभर पडून साडेआठनंतरही चालू राहिलेला पाऊस दोन दिवसांत वाटला जातो. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावरून खरा २४ तासांचा आकडा काढताना १.१३ नं गुणतात. बरेच जण हे सोडूनच देतात.

नकाशा. फुकट मिळणारा ३० मीटरचा डीईएम (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) इथं चालत नाही, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. डम्पवरचा बेंच पाच-दहा मीटर रुंद, ३० मीटरच्या चौकोनात तो दिसणार कसा? सॉफ्टवेअरला तो एकसारखा डोंगर दिसतो आणि पाणी सरळ खाली पळतं. ड्रोन सर्व्हे करा नाहीतर टोटल स्टेशन लावा, अर्ध्या मीटरचे कंटूर पाहिजेत. आणि सर्व्हे डोझरचं काम संपल्यानंतरचा पाहिजे, मंजूर ड्रॉइंगमधला नाही. ड्रॉइंगमध्ये बेंचला आतल्या बाजूला ढाळ असतो, साइटवर तो बाहेर गेलेला असतो.

माती. डम्पवर एकच माती कधीच नसते. वर्धा खोऱ्यातल्या डम्पवर कामठी सँडस्टोनचा भाग, शेलचा भाग, वरून काढून ठेवलेली काळी माती, सगळं हायवानं जसं आलं तसं पडलेलं असतं. कमीत कमी प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या भागातून नमुने घ्या, चाळणी आणि हायड्रोमीटर दोन्ही टेस्ट करा. नुसत्या चाळणीवर थांबलात तर ७५ मायक्रॉनच्या खालचं काहीच कळत नाही आणि पाँडमधून बाहेर जातो तो नेमका तोच माल. डबल रिंगनं (जमिनीत ठोकायच्या दोन कड्यांनी) पाणी मुरायचा वेग मोजा, बेंचवर वेगळा, उतारावर वेगळा, जुन्या हॉल रोडवर (डंपर जायच्या रस्त्यावर) वेगळा.

आणि एक फुकटची टेस्ट: वाटाण्याएवढं ढेकूळ काचेच्या ग्लासात डिस्टिल्ड पाण्यात (बॅटरीत टाकायला मिळतं ते) अलगद सोडा. दहा मिनिटांत भोवती दुधासारखा ढग झाला तर माती डिस्पर्सिव्ह (पाण्यात आपोआप सुटी होऊन पसरणारी) आहे, तिचा गाळ सहज बसणार नाही आणि बांधात वापरली तर आतून बोगदे पाडते. बोअरचं पाणी वापरू नका, आपल्याकडच्या बोअरच्या क्षारानं ढगच होत नाही आणि माती चांगली आहे असं वाटतं. आमच्याकडच्या एका पोरानं असाच रिझल्ट लिहिला होता, परत केली तर अर्ध्या तासात ग्लास पांढरा.

> चेक: पावसाची यादी, ताजा सर्व्हे, हायड्रोमीटरचा रिझल्ट, मुरण्याचे आकडे. यातलं एक जरी नसेल तरी पुढं जाऊ नका, नंतर अंदाजानं भरलेला आकडा कुणी काढून टाकत नाही.

टप्पा १: आधी आउटलेट, मग पाणलोटाचे तुकडे

नकाशावर वरून खाली येऊ नका, खालून वर जा. पाणी साइटच्या बाहेर नेमकं कुठं कुठं पडतं, कुठल्या ओढ्यात, कुणाच्या शेताच्या बांधाला, ते पायी फिरून बघा. पाऊस नसेल तर टँकर लावून बेंचवर पाणी सोडा आणि त्याच्या मागं चाला. वेड्यासारखं वाटतं पण दोन तासांत जे कळतं ते आठवडाभर कंटूर बघून कळत नाही.

मग प्रत्येक आउटलेटला मिळणारं क्षेत्र वेगळं करा आणि त्याचे पण तुकडे पाडा: वरचा सपाट माथा, उतार, बेंच, रस्ता, पायथ्याची जमीन. एका तुकड्यात एकच प्रकारची माती आणि एकच प्रकारचं आच्छादन राहील असं बघा.

बाहेरून येणारं पाणी विसरू नका. डम्पच्या वरच्या अंगाला शेतं असतील तर त्यांचं स्वच्छ पाणी गारलँड ड्रेननं (डम्पभोवती काढलेल्या चरानं) बाजूनंच काढायचं, ते गढूळ पाण्यात मिसळू द्यायचं नाही. हे पाणी पाँडमध्ये घेतलं की पाँड दुप्पट लागतो, उगाच.

टप्पा २: डिझाइनचा पाऊस

वार्षिक कमाल आकड्यांना गुंबेल (किती मोठा पाऊस किती वर्षांत एकदा येतो ते काढायची पद्धत) लावा, पाहिजे त्या वर्षांचा २४ तासांचा पाऊस काढा. किती वर्षांचा घ्यायचा ते तुमच्या पर्यावरण मंजुरीच्या पत्रात बघा. खुल्या खाणींच्या पत्रांत बहुतेक वेळा गारलँड ड्रेन आणि संपची (पाणी साठवायच्या खड्ड्याची) क्षमता ५० वर्षांच्या पावसाच्या आकड्यांवरून आणि वर ५० टक्के जादा धरून ठरवा असं लिहिलेलं असतं. ते पत्र आधी वाचा, डिझाइन झाल्यावर वाचलं तर सगळं परत.

२४ तासांवरून कमी वेळाचा पाऊस काढायला आपल्याकडं घनमूळाचा नियम वापरतात: कमी वेळाचा पाऊस = २४ तासांचा पाऊस × (तास ÷ २४) चं घनमूळ. समजा २४ तासांचा १२० मिमी आला. अर्ध्या तासाचा येतो ३३ मिमी, म्हणजे तासाला ६६ च्या वेगानं. पाव तासाचा २६ मिमी, म्हणजे तासाला १०५ च्या वेगानं.

सावधान: १२० ला २४ नं भागून तासाला ५ मिमी धरणारे रिपोर्ट मी बघितलेत. असल्या पावसात गाळ हलतच नाही, मग सगळं डिझाइन पास.

टप्पा ३: सीएन, म्हणजे किती पाणी वाहणार

पुढं सगळीकडं एकच उदाहरण घेतो, ६ हेक्टरचा तुकडा आणि १२० मिमी पाऊस.

सूत्र: एस (जमीन जास्तीत जास्त किती पाणी धरते) = २५४०० ÷ सीएन − २५४. सुरुवातीचं मुरणारं पाणी ०.२ एस धरलं तर वाहणारं पाणी = (पाऊस − ०.२ एस) चा वर्ग ÷ (पाऊस + ०.८ एस). सगळं मिमीमध्ये.

नुकतीच सपाट केलेली, काहीच न उगवलेली जमीन असेल तर सीएन ए गटाच्या मातीला (सगळ्यात जास्त पाणी मुरणारी) ७७, बी ला ८६, सी ला ९१, डी ला (सगळ्यात कमी मुरणारी) ९४. त्याच जमिनीवर मध्यम गवत आलं की ४९, ६९, ७९, ८४. आता बी गट धरून बघा:

उघडी जमीन, सीएन ८६: वाहणारं पाणी ८२ मिमी, ६ हेक्टरवर ४,९०० घनमीटरच्या आसपास.
मध्यम गवत, सीएन ६९: ४५ मिमी, साधारण २,७०० घनमीटर.

ज्यानं गवत धरलं त्यानं पाँड जवळजवळ निम्म्यावर आणला, आणि पहिल्याच पावसाळ्यात तो सांडव्यावरून वाहणार.

आता सोलापूरच्या सवयीची गोष्ट. वरचे सीएन हे मध्यम ओलाव्याचे आहेत. आपल्याकडं मोठ्या पावसाआधी जमीन बऱ्याचदा कोरडी असते म्हणून ते चालून जातं. चंद्रपूरकडं जुलै-ऑगस्टात आधीचे पाच दिवस पाऊसच असतो, म्हणून ओल्या स्थितीचा सीएन घ्यावा लागतो: २३ × सीएन ÷ (१० + ०.१३ × सीएन). ८६ चा होतो ९३, आणि त्याच १२० मिमीमधून आता १०० मिमी वाहतं. पुढची उदाहरणं मी ८२ मिमीवर ठेवतोय, हिशोब समजायला सोपा जावा म्हणून, पण तुमच्या खऱ्या कामात हा ओला आकडाच धरा.

०.२ ऐवजी आपल्या देशी पुस्तकांत ०.३ आणि ओल्या काळ्या मातीला ०.१ असे आकडे आहेत. डम्पवरचा माल म्हणजे काळी माती नाही, तिथं ०.१ डोळे झाकून लावू नका. जे घ्याल ते रिपोर्टात लिहा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा, माथ्याला ०.२ आणि उताराला ०.३ अशी खिचडी नको.

सावधान: वेगवेगळ्या तुकड्यांच्या सीएनची सरासरी काढून एकदाच पाणी काढू नका. सूत्र सरळ रेषेतलं नाही. रस्त्याचं पाणी वेगळं काढा, गवताचं वेगळं, मग बेरीज करा.

टप्पा ४: पीक फ्लो (पाण्याचा सगळ्यात मोठा प्रवाह), आणि इथंच दोन मॉडेल करायची

सगळ्यात लांबून पाणी यायला किती वेळ लागतो तो काढायचा. किरपिचचं सूत्र: मिनिटं = ०.०१९५ × लांबी मीटरमध्ये, तिचा ०.७७ घात × उताराचा उणे ०.३८५ घात.

आपल्या तुकड्यात माथ्यापासून पायथ्यापर्यंत सरळ अंतर ४२० मीटर, उतरण २१ मीटर, म्हणजे उतार ०.०५. उत्तर साडेसहा मिनिटं. पण पाणी असं सरळ येतच नाही. उतारावरून बेंचवर, बेंचवरून एक टक्का ढाळानं आडवं चालत च्यूटपर्यंत (उतारावरून पाणी खाली नेणाऱ्या चरापर्यंत), मग खाली. हे तुकडे वेगवेगळे मोजून बेरीज केली तर समजा १५ मिनिटं होतात.

आता रॅशनल सूत्र: पीक = सी × पावसाचा वेग × हेक्टर ÷ ३६०. सी (पावसातला वाहून जाणारा वाटा) ०.६ धरा. १५ मिनिटांना वेग १०५, पीक १.०५ घनमीटर सेकंदाला. साडेसहा मिनिटांना वेग तासाला १८० च्या पुढं जातो, पीक १.८ च्या वर.

यातलं बरोबर कुठलं? दोन्ही. बेंच शाबूत असेल तर पहिलं, बेंचचा वरंबा एका जागी फुटला की दुसरं. पहिल्या पावसाळ्यात वरंबा फुटणं हे नेहमीचंच आहे, भराव खाली बसतो, बेंचवर खड्डा पडतो, खड्ड्यात पाणी साचतं आणि तिथूनच कडा तुटते. मग वरच्या फुटलेल्या बेंचचं पाणी खालच्या बेंचवर आदळतं आणि तो पण जातो. म्हणून मी प्रत्येक कामात दोन रन करायला लावतो, 'बेंच शाबूत' आणि 'बेंच फुटलेला', आणि सांडवा व शेवटचा ड्रेन फुटलेल्या रनवर तपासतो. मंजुरी पत्रातले ५० टक्के जादा धरले तर १.०५ चे १.६ होतात, म्हणजे फुटलेल्या बेंचला ते पण पुरत नाहीत. हा आकडा क्लायंटला दाखवा, बेंचच्या डागडुजीला पैसे लगेच मंजूर होतात.

एचईसी-एचएमएस या पाणलोटाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे करणं सोपंय, तो फुकट मिळतो, प्रत्येक तुकड्याला लॅग टाइम (पाणी पोचायला लागणारा उशीर) बदलून दोन बेसिन मॉडेल ठेवा. सेडकॅड खास खाणींसाठी केलेला आहे पण विकत घ्यावा लागतो. सुरुवातीला एक्सेल पुरे. जो आकडा एक्सेलमध्ये हातानं काढता येत नाही तो सॉफ्टवेअरमधून आला म्हणून सही करू नका.

> चेक: ड्रेनमधल्या पाण्याचा वेग मॅनिंगच्या सूत्रानं काढा. तळ ०.६ मीटर, पाण्याची खोली ०.५, बाजू दीडास एक, ढाळ एक टक्का, एन (चराचा खडबडीतपणा) ०.०३ घेतला तर वेग सेकंदाला १.४ मीटर आणि पाणी ०.९७ घनमीटर जातं. म्हणजे आपल्या १.०५ लाच हा चर थोडा कमी पडतोय, आणि उघड्या मुरमात एवढ्या वेगानं तळ कापला जाणार. मोठा करा आणि दगडी पिचिंग धरा. ढाळ वाढवून पाणी बसवायला जाऊ नका, वेग अजून वाढतो.

टप्पा ५: गाळ किती येणार

इथं लोक आरयूएसएलई लावून वर्षाचा गाळ काढतात आणि ३६५ नं भागतात. नका करू. आरयूएसएलई वर्षाची झीज सांगतं, पाँडला एका वादळाचा गाळ पाहिजे. त्यासाठी त्याच घराण्यातलं, एका वादळासाठी बदललेलं एमयूएसएलई:

गाळ टनांत = ११.८ × (वाहिलेलं पाणी घनमीटर × पीक घनमीटर प्रतिसेकंद) चा ०.५६ घात × के × एलएस × सी × पी. के म्हणजे माती किती सहज धुपते, एलएस म्हणजे उताराची लांबी आणि चढ, सी म्हणजे आच्छादन (रॅशनल सूत्रातला सी वेगळा), पी म्हणजे धूप अडवायचे उपाय.

आपला तुकडा: पाणी ४,८९३, पीक १.०५. गुणाकार ५,१३८, त्याचा ०.५६ घात १२०, गुणिले ११.८ म्हणजे १,४१२. के ०.३०, एलएस २.५, उघडी जमीन म्हणून सी १, काहीच उपाय नाही म्हणून पी १. उत्तर १,०५९ टन. एका पावसात. ६ हेक्टरवरून.

आकडा मोठा वाटतो म्हणून घाबरून कमी करू नका, आधी पडताळा घ्या. दीड टन प्रति घनमीटर धरलं तर ही सगळ्या क्षेत्रावर सरासरी १२ मिमी झीज झाली. नवीन डम्पवर पहिल्या जोरदार पावसानंतर घळी बघितल्यात ना, मग १२ मिमी काही अशक्य वाटणार नाही.

तोच तुकडा गवत आल्यावर: पाणी २,६८२, पीक समजा ०.६, सी ०.१. गाळ ५५ टन. एकोणीस पट कमी. पाँड कितीही मोठा केला तरी असा फरक पडत नाही, म्हणून पैसा आधी आच्छादनावर घाला, मग काँक्रीटवर.

आता चुका, आणि या तिन्ही अगदी नेहमीच्या:

पहिली, के चं एकक. ११.८ असलेल्या सूत्राला जुन्या अमेरिकन एककातला के लागतो, ०.१ ते ०.५ च्या आसपासचा. पेपरांमध्ये मेट्रिक के दिलेला असतो, तो म्हणजे अमेरिकन के गुणिले ०.१३१७. आपला ०.३० तिथं ०.०३९५ दिसतो. तो तसाच घातला तर १,०५९ टनांचे १४० टन होतात, रिपोर्ट छान दिसतो आणि पाँड दोन पावसात भरतो. के ०.०५ च्या खाली दिसला की थांबा आणि एकक बघा.

दुसरी, एमयूएसएलईच्या उत्तराला परत डिलिव्हरी रेशोनं गुणणं. हे सूत्र आउटलेटवर पोचलेलाच गाळ देतं, परत कापायचं नाही.

तिसरी, घळींचा गाळ यात येत नाही. फुटलेल्या च्यूटचा, बोगद्यांचा, रस्त्याच्या कडेच्या घळींचा गाळ वेगळा मोजायचा. टेप घेऊन घळीची लांबी, रुंदी, खोली मोजा आणि तो गाळ वरच्या आकड्यात मिळवा.

एलएस काढताना लांबी म्हणजे दोन बेंचमधला उतार, पूर्ण डम्प नाही. पण फुटलेल्या बेंचच्या रनमध्ये ती लांबी पण वाढवा.

टप्पा ६: पाँड

दोन गोष्टी तपासायच्या, गाळ बसायला पृष्ठभाग पुरतो का आणि पाणी मावायला साठा पुरतो का.

पृष्ठभाग = १.२ × बाहेर जाणारा प्रवाह ÷ कण बसायचा वेग. २० मायक्रॉनचा कण स्टोक्सच्या हिशोबानं सेकंदाला ०.०००३६ मीटर बसतो. १.०५ चा पीक जसा आला तसा बाहेर सोडला तर ३,५०० चौरस मीटर लागतात. आउटलेटला भोकं पाडलेला उभा पाइप लावून बाहेरचा प्रवाह ०.१५ वर आणला तर ५०० चौरस मीटर. पण मग अडवलेलं पाणी मावायला पाहिजे, २ मीटर खोलीवर ४,९०० घनमीटरला साधारण २,४५० चौरस मीटर. म्हणजे आता साठाच ठरवतो. दोन्ही काढा आणि मोठं घ्या, एकच काढून थांबू नका.

त्याच्या खाली गाळाची जागा वेगळी. १,०५९ टन, १.२ टन प्रति घनमीटर धरून ८८० घनमीटर. ही निम्मी भरली की उपसायचं, तिथं खांबाला लाल रंगाची खूण करा. पोकलेन पाँडपर्यंत पोचायला रस्ता ठेवलाय का, हे ड्रॉइंगमध्ये कुणीच दाखवत नाही आणि पावसाळ्यात मग गाळ तसाच राहतो.

आकार लांबट, रुंदीच्या दुप्पट तरी लांबी. पाणी आत येतं तिथं एक छोटा वेगळा कप्पा ठेवा, जाड माल तिथंच पडतो आणि उपसायला सोपा.

आणि हे स्पष्ट लिहा: २ मायक्रॉनचा कण २० मायक्रॉनच्या शंभर पट हळू बसतो, एक मीटर खाली जायला तीन दिवसांच्या वर. डिस्पर्सिव्ह माती असेल तर नुसत्या पाँडनं लिटरला १०० मिलिग्रॅमची मर्यादा पाळली जाणार नाही, तुरटीसारखं काहीतरी घालावं लागेल नाहीतर ती माती वरतीच झाकावी लागेल. साइटवरचंच गढूळ पाणी बाटलीत भरून २४ तास खिडकीत ठेवा, वरचं पाणी तरी गढूळच असेल तर उत्तर मिळालं.

सावधान: पाँडचा बांध नुसत्या काळ्या मातीचा करू नका. सोलापूरच्या माणसाला भेगांचं सांगायला नको, मे महिन्यात हात जाईल एवढी भेग पडते आणि जूनचं पहिलं पाणी तिच्यातूनच वाट काढतं. मध्ये काळ्या मातीचा गाभा, दोन्ही बाजूंनी मुरूम, खाली चर खोदून गाभा जमिनीत उतरवलेला, असं करा.

टप्पा ७: साइटवर कामाचा क्रम

मॉडेल बरोबर आणि क्रम चुकला तर सगळं वाया. आधी शेवटचा आउटलेट दगडानं पक्का, मग पाँड आणि सांडवा, मग गारलँड ड्रेन आणि पायथ्याची भिंत, मग बेंचचा आतला ढाळ आणि वरंबे, मग च्यूट. हे सगळं झाल्यावरच वरची सुपीक माती पसरायची. बहुतेक ठिकाणी उलटं होतं, माती आधी पसरतात कारण फोटो चांगला येतो, आणि तीच महागाची माती पहिल्या पावसात ओढ्यात जाते.

सुपीक माती पसरायच्या आधी खालचा थर रिपरनं आडवा उकरा, कंटूरला धरून. गुळगुळीत थरावर माती टाकली की दोघांच्या मधून पाणी जातं आणि वरचा थर चादरीसारखा घसरतो.

पेरणी. आपल्याकडं जूनच्या पहिल्या पावसावर पेरलं तर जुलैच्या खंडात रोप मरतं, म्हणून आच्छादनाशिवाय पेरू नका. तिकडं उलटं, उशीर केला तर जुलैचा पाऊस बी वाहून नेतो, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत बी जमिनीत पाहिजे. स्टायलो हॅमाटा (चाऱ्याचं द्विदल पीक) आणि दीनानाथ गवत लवकर धरतं, वाळ्याच्या ओळी कंटूरवर लावा. झाडं नंतर. नुसत्या झाडांखाली जमीन उघडीच राहते आणि गाळ थांबत नाही. उतारावर काथ्याची किंवा तागाची जाळी अंथरली तर पहिले दोन महिने निभावतात.

टप्पा ८: पावसाळ्यात मोजणं

उतारावर वर, मध्ये, खाली अशा लोखंडी सळया ठोका आणि जमिनीच्या पातळीला रंगाची खूण करा. प्रत्येक मोठ्या पावसानंतर किती उघडी पडली ते मोजा. एक हेक्टरवर १ मिमी झीज म्हणजे १० घनमीटर माती, एवढं पाठ ठेवा.

ड्रेनमध्ये पाण्याच्या उंचीची पट्टी रंगवा. पाऊस चालू असताना बाटलीत नमुना घ्या, चढत्या पाण्याचा आणि उतरत्या पाण्याचा वेगळा. पाणी चढताना गाळ बहुतेक वेळा जास्त असतो, संध्याकाळी आरामात जाऊन घेतलेला नमुना स्वच्छच दिसणार. पावसाची नोंद साइटवरच्याच मापकाची पाहिजे, १५ मिनिटांची नोंद ठेवणारा असेल तर उत्तम.

मोठ्या पावसानंतर २४ तासांत बेंच फिरा. खड्डा दिसला की त्याच दिवशी भरा, वरंब्यावर ओली रेघ दिसली तर त्याच दिवशी बाहेरून मुरूम टाका.

दिवाळीनंतर पाँड वाळला की तळाचा सर्व्हे करा आणि गाळाचं घनफळ काढा. त्या पावसाळ्यातले खरे पाऊस मॉडेलमध्ये घाला, सगळ्यांचा गाळ जोडा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. मॉडेल कमी दाखवत असेल तर आधी घळी बघा, मग के चं एकक, मग सीएन, याच क्रमानं. मॉडेल जास्त दाखवत असेल तर खूश व्हायच्या आधी सांडव्यावरून किती गाळ बाहेर गेला ते बघा, ओढ्यात उतरा, पाँडच्या खाली शंभर मीटर चाला, तळाला नवीन बारीक माती बसलेली दिसली तर तो गाळ पण हिशोबात धरा. सुधारलेला सी आणि के पुढच्या वर्षीच्या फाइलमध्ये तारखेसह लिहून ठेवा, आणि गवत खरंच किती टक्के जमीन झाकतंय ते चौकट टाकून मोजल्याशिवाय सीएन ८६ वरून खाली आणू नका.